सांधा दिसतो छान, पण धरतो का?

बाल्कनीच्या कठड्याची सारी भिस्त वेल्डिंगच्या सांध्यांवर असते. अनेक वर्कशॉपमध्ये हे काम मिग वेल्डिंगने होते. कारागीर त्याला ‘सीओटू’ म्हणतात. यात रिळावरची तार सतत पुढे सरकते आणि सोबत सुटणारा वायू वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो.

सांध्यावर बारीक छिद्रे दिसली, तर पंख्याच्या वाऱ्याने वायू उडाला असेल, नळी गळत असेल किंवा लोखंडावर गंज, तेल, रंग राहिला असेल. कडेला चर पडला असेल, तर व्होल्टेज जास्त किंवा हात घाईचा.

सर्वांत फसवा दोष मात्र वरून गुळगुळीत दिसतो. उष्णता कमी पडली, की धातू आत न मुरता नुसता वर बसतो. असा सांधा धक्क्याने निखळू शकतो. त्यावर दुसरा थर चढवणे म्हणजे दुखणे झाकणे. सदोष भाग ग्राइंडरने घासून काढावा, लोखंड स्वच्छ करावे, तशाच जाडीच्या तुकड्यावर वेल्डिंग करून तो वाकवून पाहावा आणि मगच पुन्हा सांधावे.

कठड्याला उद्या घरातली मुले टेकणार असतात. रंगाखाली सगळे सांधे सारखेच दिसतात. म्हणून रंगाचा हात फिरण्यापूर्वीच ते पाहून घ्यावेत.