मोबाईलमधली चावडी कोणाची?

गावात माणसे जमतात ती पारावर, चावडीवर, देवळात आणि पाणवठ्यावर. आता आणखी एक जागा झाली आहे. ती म्हणजे मोबाईल. पोरे तिथे बोलतात, भांडतात, फोटो पाठवतात. मोठी माणसे कांद्याचा भावही तिथेच विचारतात. यात वाईट काही नाही. पण मंडळी, ही चावडी कोणाची, हे कधी विचारले आहे काय?

समजा, एका सावकाराने मोठा वाडा बांधला. साऱ्या तालुक्याला तो म्हणाला, "या, बसा, फुकट बोला." लोक गेले. पण कोण आले, कोणाशी बोलले, कशावर बोलले, हे त्याचा कारकून वहीत टिपून ठेवतो. त्या वहीच्या जोरावर सावकार व्यापाऱ्यांकडून जाहिरातीचे पैसे घेतो. आणि मनात आले की वाड्याला कुलूप लावतो.

असे घडलेले आहे. गूगल कंपनीने २००४ साली ऑर्कुट नावाची चावडी काढली. आपल्या देशात ती फार चालली. ३० सप्टेंबर २०१४ रोजी कंपनीने ती बंद केली. वहीचेही तसेच. फेसबुकवरच्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती केंब्रिज ॲनालिटिका या निवडणूक-प्रचार करणाऱ्या कंपनीकडे गेली असावी, असे २०१८ साली फेसबुकनेच सांगितले. त्यातल्या बहुतेकांनी स्वतः काहीच दिले नव्हते. त्यांच्या एखाद्या मित्राने एक प्रश्नावली भरली, तेवढ्यावर यांचीही माहिती गेली. शेजाऱ्याने दार उघडले आणि चोरी आपल्या घरात झाली, त्यातला प्रकार!

मग दुसरी काही सोय आहे का? आहे. ती समजायला आधी टपाल पाहू.

आपले पत्र परदेशी जाते. तिकडचे टपालखाते आपले नाही. तरी पत्र पोचते. का? कारण १८७४ साली २२ देशांनी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरी बसून टपालाचे नियम ठरवले. प्रत्येकाचे खाते वेगळे, पण नियम एक. साऱ्या जगाचा एकच पोस्टमास्तर नेमावा लागला नाही.

नव्या चावड्या याच रीतीने बांधल्या आहेत. जर्मनीतल्या ऑयगेन रोच्को नावाच्या तरुणाने २०१६ साली मास्टोडॉन सुरू केले. त्यात वाडा एक नाही. हजारो लहान चावड्या आहेत. प्रत्येकीचा सर्व्हर वेगळा. सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालू असणारा संगणक. एखादी संस्था, मित्रमंडळी किंवा एकटा माणूसही तो चालवू शकतो. माणसाचा पत्ता असतो नाव आणि पुढे चावडीचे नाव. म्हणजे आपले पाकिटावरचे नाव आणि गावच म्हणा ना. या चावड्यांनी एकमेकींशी बोलायचे कसे, याचा नियम २०१८ साली जगासाठी छापून जाहीर झाला. त्याला ॲक्टिव्हिटीपब म्हणतात. एक चावडी मोडली तरी बाकीच्या चालू राहतात. तुम्ही चावडी बदलली तर तुमचे ऐकणारे लोक नव्या ठिकाणी तुमच्यामागे येतात. जुने लिखाण मात्र जुन्या जागीच राहते. ही उणीव आहेच.

कोणी म्हणेल, मालक नाही तर गुंडाला आवरणार कोण? २०१९ साली गॅब नावाची, द्वेषाच्या लिखाणाने बदनाम झालेली मंडळी मास्टोडॉनचीच बांधणी घेऊन आली. बांधणी सर्वांना मोकळी असल्याने त्यांना अडवता येईना. तेव्हा पुष्कळ चावड्यांनी त्यांच्याकडे जाणारी वाट बंद केली. त्यांनी आपल्या घरात काय हवे ते बोलावे, आमच्या ओसरीवर नको. आम्हाला हा न्याय बरा वाटतो.

आता गुपिताविषयी. इथे पुष्कळांची गफलत होते. मास्टोडॉनवर एकालाच पाठवलेला निरोपही पोस्टकार्डासारखा असतो. सर्व्हर सांभाळणाऱ्याने ठरवले तर तो वाचू शकतो. म्हणून घरची किंवा पैशाची गोष्ट तिथे लिहू नये. त्यासाठी कुलूपबंद निरोप लागतो. त्याची किल्ली फक्त दोन्ही टोकांच्या फोनांत असते. मधल्याला नुसते कुलूप दिसते. सिग्नल आणि व्हॉट्सॲपचे निरोप असे जातात. पण पाकीट बंद असले तरी वरचा पत्ता पोस्टमन वाचतोच की! कोण कोणाशी कधी बोलले, हेही खाजगीच. म्हणून मधल्याने टिपून काय ठेवले, ते महत्त्वाचे. २०१६ साली अमेरिकेतल्या एका न्यायालयाच्या कामात सिग्नलकडे माहिती मागितली गेली. त्यांच्याजवळ दोनच गोष्टी निघाल्या: खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले. बाकीचे त्यांनी ठेवलेच नव्हते, तर देणार कुठून? आम्ही शाळेचे दप्तर वर्षानुवर्षे कुलपात ठेवले. पण कुलपापेक्षा कोरे पान अधिक भरवशाचे, हे खरे.

हे सारे फुकट होत नाही. सर्व्हरला भाडे पडते, वीज लागते, भांडणे मिटवायला माणूस लागतो. बहुतेक ठिकाणी लोक वर्गणी काढतात. सांभाळणारा आजारी पडला तर? म्हणून मास्टोडॉनने आपल्या यादीत चावडीचे नाव घालण्यासाठी अटी ठेवल्या आहेत. रोज दप्तराची नक्कल काढावी. किल्ली निदान दुसऱ्या एका माणसाजवळ असावी. आणि चावडी बंद करायची झाली, तर लोकांना तीन महिने आधी कळवावे.