डोक्यावरची गाठ, कानातले हाड

कपाळावर टणक गाठ आली, की घरात काळजी शिरते. कुणी म्हणते, हा कर्करोगच! कुणी डाग द्यायला सांगते. कुणी लेप लावते. आपण आधी ही गाठ समजून घेऊ.

आपली कवटी हाडाची. कधी कधी त्या हाडाला हाडाचाच उंचवटा येतो. डॉक्टर त्याला ऑस्टिओमा म्हणतात. तो दगडासारखा कठीण असतो. बोटाने हलत नाही. वरची कातडी मात्र सरकते. बहुधा तो दुखत नाही आणि फार सावकाश वाढतो. हा कर्करोग नव्हे. तो शरीरात दुसरीकडे पसरत नाही.

कानातही असे हाड वाढते. कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी सुमारे अडीच सेंटीमीटर, म्हणजे इंचभर लांब. तिचा आतला भाग हाडाचा. तिथे दोन तऱ्हा दिसतात. एक, देठाला बोंड असावे तशी एकच गाठ, बहुधा एकाच कानात. दुसरी, रुंद बुडाचे उंचवटे, बहुधा दोन्ही कानांत. हे उंचवटे थंडगार पाण्यात वर्षानुवर्षे पोहणाऱ्यांना होतात. कोयनेत चार दिवस डुंबल्याने होत नाहीत.

नळी अरुंद झाली, की मळ अडकतो, पाणी साचते, कान वाहतो. ऐकू कमी येते. आपण म्हणतो, म्हातारपणच ते! पण दर वेळी वय कारण नसते. कानात गरम तेल, काडी, पिन घालू नका. तेलाने हाड विरघळत नाही. काडीने पडदा मात्र फाटतो.

मग ऑपरेशन करायचेच का? त्रास नसेल तर बहुधा नको. डॉक्टर अधूनमधून तपासतात. त्रास असेल तर सीटी स्कॅन काढून हाड किती वाढले ते बघतात. मग भूल देतात. कानातली नाजूक कातडी बाजूला करतात. दुर्बिणीतून बघत बारीक यंत्राने हाड झिजवतात आणि कातडी परत बसवतात. चेहरा हलवणारी नस कानाजवळूनच जाते. म्हणून हे काम कानाच्या तज्ज्ञाचेच. जखम भरेपर्यंत कानात पाणी जाऊ द्यायचे नाही.

"डोक्याचे हाड कापले तर मेंदूला इजा व्हायची की!" अशी भीती वाटते. पण कवटीच्या बाहेरच्या अंगाची गाठ वरच्यावर काढतात. मेंदूला हात लागत नाही. काढलेला तुकडा तपासायला पाठवतात.

मात्र गाठ भरभर वाढली, दुखू लागली, कानातून रक्त आले, तोंड वाकडे झाले, नजर कमी झाली किंवा फिट आली, तर एक दिवसही थांबू नका.

कोयनानगरच्या माणसाने आधी पाटणच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. पुढच्या तपासणीसाठी कराड आहे, साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय आहे. सरकारी योजनेत खर्च बसतो का, तेही तिथेच विचारावे. विचारायला लाजू नये.

गाठ दिसली तर घाबरू नका आणि लपवूही नका. डॉक्टरला दाखवा. डाग देऊन हाड जात नाही, कातडी तेवढी भाजते.