पेटी सरकारची, किल्ली नागरिकाची

लोणावळ्याच्या तुंगार्लीत मुंबईकरांचे बंगले आठवडाभर बंद असतात आणि गावठाणातल्या घरात कुणी ना कुणी सापडतंच. पत्र दोन्हीकडे पोहोचवणं टपाल खात्याचं कामच आहे. प्रत्येकाला ई-मेलचा पत्ता मिळवून देणं मात्र कुणाच्याच कामात बसत नाही.

तरी सरकारी अर्जात ई-मेलचा रकाना असतोच. महा ई-सेवा केंद्रात गेलेल्याकडे पत्ता नसला, की चालक स्वतःचा टाकून मोकळा होतो. पुढे अर्जात त्रुटी निघाली तर ती कळते चालकाला. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार सेवा नाकारल्यास 30 दिवसांत अपील करता येतं. पण नकार पोहोचलाच नाही, तर हे दिवस मोजायचे कसे?

ज्यांचं खातं आहे, तेही परक्याच्या ओसरीवर. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगलने डिसेंबर 2023 पासून पुसायला घेतली. त्याची दाद काही वडगावच्या तहसील कचेरीत मागता येत नाही.

राजस्थान सरकारने डिसेंबर 2016 मध्ये 'राजस्थान.भारत' या नावाने नागरिकांना हिंदीत मोफत ई-मेल देऊ केला. पण ती सोय होती, हक्क नव्हे. डेन्मार्कने 1 नोव्हेंबर 2014 पासून 15 वर्षं व त्यावरील सर्वांना डिजिटल पेटी सक्तीची केली, आणि ज्यांना ती जमत नाही त्यांना कागदी पत्राची सूट ठेवली. मला त्या सक्तीपेक्षा ही सूट मोलाची वाटते. आपल्याकडेही 2004 मध्ये टपाल खात्याने ई-पोस्ट सुरू केलं होतं: मेल पोस्टात छापायचा आणि पोस्टमनने घरी न्यायचा. कल्पना चांगली होती.

म्हणून सरकारी पत्रांसाठी प्रत्येक नागरिकाला सरकारची डिजिटल पेटी हक्काने मिळावी. भीती आहे ती पाळतीची. 18 जून 2024 पासून लागू झालेल्या टपाल कायद्यात सुरक्षेसारख्या कारणांसाठी टपाल अडवण्याचा अधिकार सरकारला आहे. पाकिटं एकेक करून फोडावी लागतात. सर्व्हरवरची लाखो पत्रं एका आदेशात चाळता येतील. म्हणून घरगुती पत्रव्यवहार या पेटीत नकोच. दाखले, नोटिसा, कराची बिलं, अर्जांची उत्तरं, एवढंच तिथे यावं. पंधरा दिवसांत पेटी उघडली गेली नाही, तर छापील प्रत घरपोच जावी आणि अपिलाची मुदत ती हाती पडल्यापासून धरावी.