सावलीचे बिल कोणाच्या नावे?

एप्रिल-मे महिन्यांत सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपरवर एक वाक्य रोज लिहावे लागते : दुपारी उन्हात काम करू नये. लिहिणाऱ्या डॉक्टरला त्याचा पैसाही खर्च नाही. विटा वाहणाऱ्या किंवा हातगाडी ओढणाऱ्या माणसाला मात्र ते पाळायचे तर अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. हवामान बदलाला तोंड देण्याचा खर्च कोणी करायचा, यावर मोठमोठ्या परिषदा झडतात. आमच्याकडे तो खर्च सध्या मजूरच करतो आहे.

त्याच्या शरीराचा हिशेब साधा आहे. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा वर गेले की वारा अंगाला गार करण्याऐवजी तापवू लागतो. मग उरतो फक्त घाम, आणि तोही वाळला तरच उपयोगाचा. त्यासाठी हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त ढकलावे लागते. मूत्रपिंडांच्या वाट्याचे कमी होते. रात्री पत्र्याच्या खोलीतही उकाडा असेल, तर दिवसाची झीज भरून निघत नाही. म्हणून उन्हाने दगावलेल्या अनेकांच्या दाखल्यावर ‘उष्माघात’ हा शब्द नसतो. तिथे हृदयविकार असतो, पक्षाघात असतो, मूत्रपिंड निकामी झाल्याची नोंद असते. आणि जे मृत्यू नोंदीत नाहीत, त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद कोण करणार?

अहमदाबादमध्ये मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला होता. नंतर संशोधकांनी दाखल्यांवरची कारणे बाजूला ठेवून सरळ शहरातल्या एकूण मृत्यूंची मोजणी केली आणि आधीच्या व नंतरच्या वर्षांतील मे महिन्याशी तुलना केली. त्या एका महिन्यात १,३४४ मृत्यू जास्त निघाले, म्हणजे ४३ टक्के वाढ. 

त्याच शहरातल्या एका सार्वजनिक रुग्णालयातली गोष्ट मला त्याहून बोलकी वाटते. तिथला बाळंतिणींचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली होता. तो खालच्या मजल्यावर हलवला, तेव्हा उष्णतेमुळे नवजात अतिदक्षता कक्षात दाखल होणाऱ्या बाळांचे प्रमाण ६४ टक्क्यांनी घटल्याचे डॉक्टरांच्या अभ्यासात दिसले. खाटा हलवायला किती खर्च आला असेल? नवजात बाळाचे अतिदक्षतेतले दोन दिवस त्याहून महाग पडतात.

२०१३ मध्ये अहमदाबाद महापालिकेने उष्णता कृती आराखडा आणला. काही दिवस आधी इशारा, पाण्याची सोय, डॉक्टर-परिचारिकांचे प्रशिक्षण, पुढे झोपड्यांच्या छपरांना पांढरा चुना. २०१८ च्या एका अभ्यासानुसार, त्यानंतर वर्षाला सरासरी सुमारे १,१९० मृत्यू टळले. २०१६ पासून नागपूरनेही तोच रस्ता धरला.

रुग्णालयातही स्वस्त उपायच आधी कामाला येतो. अंग भाजल्यासारखे तापलेला आणि असंबद्ध बडबडणारा माणूस आला, तर पहिल्या अर्ध्या तासात बर्फाचे पाणी, ओल्या चादरी, जोराचा पंखा. (तापाची गोळी इथे काही कामाची नाही.) ही अर्धी घटका हुकली, तर पुढे व्हेंटिलेटर आणि डायलिसिस.

इतके स्वस्त, तरी पैसा का मिळत नाही? कारण या कामाला गिऱ्हाईक नाही. सौरऊर्जेचा प्रकल्प वीज विकतो, कर्ज फेडतो. म्हणून बँका पुढे येतात. बांधकामावर टाकलेल्या हिरव्या जाळीच्या सावलीचे बिल कोणाला पाठवायचे? श्रीमंत देशांनी गरीब देशांना २०२० पासून वर्षाला १०० अब्ज डॉलर देण्याचे वचन २००९ मध्ये कोपनहेगनला दिले. ते प्रथम पाळले गेले २०२२ मध्ये, दोन वर्षे उशिरा. त्या वर्षीच्या सुमारे ११६ अब्जांपैकी असा बचाव करण्यासाठी आले जेमतेम ३२ अब्ज. शिवाय एकूण सरकारी मदतीचा मोठा भाग कर्जाच्या रूपात. हवा तापवण्यात ज्यांचा वाटा सर्वांत कमी, त्यांनी सावलीसाठी व्याज भरायचे, असा हा व्यवहार!

दरम्यान बायकांनी एक वाट शोधली आहे. ‘सेवा’ या असंघटित महिला कामगारांच्या संघटनेने २०२३ मध्ये गुजरातमधील सुमारे २१ हजार सभासदांसाठी उष्णतेचा विमा सुरू केला. आजाराचा पुरावा नको, बिले नकोत. तापमान ठरलेल्या आकड्यावर गेले की पैसे खात्यात. पहिल्या वर्षी आकडा इतका वर होता, की कोणालाच पैसे मिळाले नाहीत. २०२४ मध्ये नियम बदलले, सभासद सुमारे ५० हजार झाल्या, आणि पारा ४० च्या वर गेल्यावर बहुतेकींना ४०० रुपये मिळाले. रक्कम तुटपुंजी आहे, पण दुपारी घरी बसायची मुभा देणारी आहे. डॉक्टरची चिठ्ठी हे करू शकत नाही.

आमच्या बाजूला अडचण कॅलेंडरची आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. नव्या वर्षाचा निधी मंजूर होऊन, निविदा निघून चुन्याची पोती येईपर्यंत मृगाचा पाऊस आलेला असतो. छपरावर चुना मार्चच्या पहिल्या आठवड्यातच बसायला हवा, त्यामुळे त्याची मागणी दिवाळीनंतर लगेच पाठवावी लागते.