अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

घाट चढताना बॉनेटमधून वाफा सोडत रस्त्याच्या कडेला थांबलेली मोटार तुम्ही पाहिली असेल. पाणी ओतले की काम भागतेच असे नाही. कधी कधी इंजिनाचे ‘हेड’ वाकलेले असते.

हेड म्हणजे सिलिंडरावरचे झाकण. पुष्कळ इंजिनांत हेड ॲल्युमिनियमचे, तर खालचा ब्लॉक बिडाचा असतो. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, पण बोल्टांनी ते जखडलेले असते. फार तापले की ते किंचित वाकते. मग मधले गॅस्केट सगळीकडे सारखे दाबले जात नाही. वायू आणि पाणी गळू लागते.

हेडवर सरळ पट्टी उभी धरून फटीत फीलर गेजची पातळ पाती सरकवली, की बाक कळतो. तो मर्यादेबाहेर असल्यास हेड मिलिंग यंत्रावर तासून सपाट करतात. समजा, ०.५ मिमी धातू निघाला. एवढ्याने काय बिघडते? हिशेबच करू या.

सिलिंडराचा व्यास ८ सेंमी आणि दट्ट्याची धाव ९ सेंमी असेल, तर दट्ट्या ४५२ घसेंमी जागा व्यापतो. तो वर पोचल्यावर उरलेली जागा ५६.५ घसेंमी धरा.

संपीडन गुणोत्तर = (४५२ + ५६.५) ÷ ५६.५ = ९

ज्वलनकक्षाचे तोंड सिलिंडराएवढेच रुंद असेल, तर ०.५ मिमी तासल्याने २.५ घसेंमी जागा जाते. उरते ५४. आता गुणोत्तर झाले ९.४!

मिश्रण जास्त दाबले की जास्त तापते. ज्योत पोचण्याआधीच त्याचा काही भाग आपोआप पेटतो आणि इंजिनात ठोके ऐकू येतात. हे फार काळ चालले तर दट्ट्याला भोकही पडू शकते.

उपाय सोपा आहे: ०.५ मिमी जास्त जाड गॅस्केट घाला. मात्र बोल्ट आवळल्यावर राहणारी जाडीच मोजायची. गॅस्केट गरजेपेक्षा जाड झाले, तर गुणोत्तर घटते आणि त्याबरोबर शक्तीही. डिझेल इंजिनात दट्ट्या आणि हेड यांतील फट जेमतेम मिलिमीटरभर असते. म्हणून दट्ट्या ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून मगच गॅस्केट निवडतात. काही गॅस्केटांच्या कडेला जाडी ओळखण्यासाठी भोके किंवा खाचा असतात.

आता तुम्ही सांगा: याच इंजिनाचे हेड ०.३ मिमी तासले आणि गॅस्केट पूर्वीच्याच जाडीचे घातले, तर गुणोत्तर किती होईल? उत्तर सुमारे ९.२ आले, तर तुमचा हिशेब बरोबर आहे.