पट्टीतलं नवल

ऑक्टोबर १९३४ मध्ये मुंबईत शिवडीच्या कारखान्यात लिव्हर ब्रदर्सनं साबण तयार करायला सुरुवात केली. त्याआधी ‘सनलाइट’च्या वड्या विलायतेहून बोटीनं यायच्या. गिरण्यांच्या या पट्ट्यात तो साबण पडायचा मुख्यतः सुती कपड्यांवर, आणि सुताची एक गोष्ट थक्क करणारी आहे. कापसाचा धागा ओला झाला की कमजोर होत नाही, उलट आणखी मजबूत होतो. म्हणूनच नऊवारी आणि धोतरं आपटून, धोपटून, पीळ घालूनही वर्षानुवर्षं टिकत. धुणं धुवायची आपली सगळी रीत कापसाच्या या गुणावर उभी राहिली. आज तीच रीत आपण ब्रावर चालवतो, आणि चार महिन्यांत पट्टी सैल पडली की दुकानदाराला बोल लावतो.

ती पट्टी एकदा दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरून बघा. नायलॉनच्या जाळीमधून काचेसारखे चमकणारे बारीक धागे दिसतील. ते इलॅस्टेनचे, म्हणजे बाजारात ज्याला लायक्रा म्हणतात त्याचे. ड्यूपाँ कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये हा धागा बनवला. बायकांच्या घट्ट अंतर्वस्त्रांतलं जड रबर काढून टाकता यावं, हाच त्यामागचा हेतू होता. हा धागा मूळ लांबीच्या पाचपटीहून जास्त ताणला जातो आणि सोडला की परत येतो. त्याच्या प्रत्येक रेणूत दोन प्रकारचे तुकडे आलटूनपालटून असतात. मऊ तुकडे गुंडाळी होऊन पडलेले असतात, ओढले की उलगडतात. कडक तुकडे शेजारच्या रेणूंच्या कडक तुकड्यांना घट्ट धरून बसतात, म्हणून ताणलेला धागा पुन्हा जागेवर येतो. केसाहून बारीक धाग्यात एवढी व्यवस्था!

ती बिघडते उष्णतेनं आणि क्लोरीनच्या ब्लीचनं. कढत पाण्यानं धाग्यांची पकड हळूहळू ढिली होते आणि ब्लीच तर रेणूच तोडतं. त्यामुळे मोरीत बादली घ्या, नळाचं साधं पाणी घ्या, त्यात सौम्य लिक्विड चमचाभर. हूक लावून टाका, नाहीतर ते लेसमध्ये अडकून जाळी फाडतात. पंधरा मिनिटं भिजू द्या, मग हलक्या हातानं चुबका. घासायची गरजच पडत नाही. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याकडे धावतं, दुसरं तेलाकडे. घामातलं तेल मधोमध वेढून ते कापडावरून उचललं जातं. हे काम हाताचा जोर करत नाही, वेळ करतो.

यात मुंबईकरांना एक सोय आयती मिळाली आहे. आपलं पाणी तानसा, वैतरणा, भातसा या धरणांमधलं, म्हणजे पावसाचंच. क्षार कमी, म्हणून ते मऊ आहे आणि थोड्या साबणात भरपूर फेस होतो. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड असलं तर साबणाचा चिकट थर कपड्यावर बसतो. तिथे आणखी एक-दोनदा विसळावं.

कपडा रेशमी असेल तर मात्र पावडर अजिबात नको. डाग खाणारी एन्झाइम्स प्रथिनांवर तुटून पडतात, आणि रेशीम म्हणजे प्रथिनच! आज्या पैठणी रिठ्याच्या पाण्यात काढायच्या, त्याच पाण्यात हेही धुवावं.

खरी कसोटी वाळवताना लागते. शिवडीच्या बीडीडी चाळीत खोली १६० चौरस फुटांची, त्यातच मोरी आणि त्यातच संसार. बाहेरच्या दांडीवर हे कपडे टाकायचे ते साडीखाली किंवा टॉवेलखाली झाकून. शेजारीपाजारी काय म्हणतील, या एका धास्तीपायी पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं आहे. पण ओल्या कपड्याला चिकटून दमट हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर हलवतो, तेव्हा पुढचं पाणी भराभर उडतं. वर साडी पडली की थर तिथेच कोंडतो. जुलैत हवाच पाण्यानं भरलेली असते, त्यामुळे कपड्यातला ओलावा जात नाही, कुबट वास येतो. असा ओलसर कपडा अंगावर घासत राहिला की नायट्यासारख्या बुरशीला आयतं रान मिळतं. त्या खाजेबद्दल तर बाई कुणाजवळ बोलतही नाही. याचा मला मनापासून राग येतो.

तेव्हा धुतल्यावर पिळू नका. कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबा, बरंचसं पाणी तिथेच जाईल. खांद्याच्या पट्ट्यांनी टांगू नका, पाण्याच्या वजनानं त्या लांबतात. दोन कपांच्या मधल्या जागी दांडीवर टाका. इलॅस्टिकचे कपडे सावलीत वाळवा, सुती निकरांना मात्र कडक ऊन द्या. पावसात घरात पंख्याखाली वाळवा. आणि वरची ती साडी काढा. लेकीसुनांनाही सांगा, गॅलरीत वाऱ्याची जागा असेल तिथे हे कपडे उघडे वाळत घाला.