कांदळवनाचा कारभार

कांदळवन मारायला कुऱ्हाड लागत नाही. खाडीच्या तोंडाशी चार डंपर डेब्रिज टाकलं, भरतीची एक वाट बुजवली, की काम होतं. पाणी आत यायचं थांबलं तर जमीन वाळते आणि मीठ वर येतं. आत आलेलं पाणी परत निघेनासं झालं, तर चिखलातून बोटांसारखी वर आलेली तिवराची श्वासमुळं पाण्याखालीच राहतात आणि झाड गुदमरतं. बघता बघता हिरवी पट्टी करडी पडते, आणि पंचनाम्यात लिहायला ना तोडलेला बुंधा सापडतो ना तोडणारा हात. अशा ठिकाणी तक्रार कोणाकडे करायची, हा मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यावर कितीतरी वर्षं न सुटलेला प्रश्न होता. जमीन महसूल खात्याची किंवा एखाद्या विकास प्राधिकरणाची, पाणी बंदराच्या हद्दीतलं, डेब्रिज उचलणं महापालिकेचं काम, आणि झाड मात्र कोणाचंच नाही. निसर्गसंवर्धनाचा सरकारी कार्यक्रम म्हटला की रोपं, खड्डे आणि लागवडीचे आकडे डोळ्यांपुढे येतात. महाराष्ट्र वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे नीट पाहिलं तर मला वेगळंच दिसतं. रोपं लावणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. जमिनीची नोंद कोणाच्या नावावर, पाण्याची वाट कोणाच्या ताब्यात आणि खाडीवर पोट असलेल्या माणसाशी व्यवहार कसा, या कामांत असा कार्यक्रम चालवणाऱ्याचा खरा कस लागतो.

सुरुवात न्यायालयातून झाली. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये अंतरिम आदेश दिला. राज्यभर कांदळवन तोडण्यावर बंदी आली, त्याच्या कडेपासून 50 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई झाली, आणि सरकारी जमिनीवरची कांदळवनं वन म्हणून अधिसूचित करून वन विभागाच्या हवाली करा, असं सांगितलं गेलं. याचिका त्याआधीची असली तरी आदेश आला तो 26 जुलैच्या महापुरानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला होता आणि पाण्याला जागा न ठेवल्याचा अर्थ शहराला नुकताच कळला होता. आदेशातली बंदी लोकांच्या लक्षात राहिली. माझ्या मते त्याहून मोलाचा होता तो हस्तांतराचा भाग. जमीन राखीव वन ठरली की तिच्यावर भारतीय वन अधिनियम लागू होतो आणि ती वनेतर कामाला द्यायची तर 1980 च्या वनसंवर्धन कायद्यानुसार केंद्राची मंजुरी घ्यावी लागते. त्याहीपेक्षा साधी गोष्ट म्हणजे, तिच्यासाठी जाब द्यायला एक नेमका अधिकारी मिळतो. सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालाने ही चौकट कायम केली आणि कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग मानला.

तरी आदेश अंमलात आणायला माणसं लागतात. त्यासाठी जानेवारी 2012 मध्ये राज्य सरकारने कांदळवन कक्ष स्थापन केला. एन. वासुदेवन यांनी सुरुवातीची अनेक वर्षं त्याचं नेतृत्व केलं. डोंगरातल्या सागवानाची राखण करायला शिकलेल्या खात्याला इथे चिखलात आणि होडीत काम करायचं होतं. नकाशे करा, सर्वे नंबर जुळवा, दुसऱ्या खात्यांकडून जमिनी मागून घ्या, हे कंटाळवाणं काम आधी आलं. सिडको, एमएमआरडीए, बंदर प्राधिकरण अशा संस्थांकडच्या जमिनी वन विभागाकडे येण्याचा वेग वर्षानुवर्षं मंद राहिला आहे. ताबा मिळेपर्यंत त्या पट्ट्यावर वनरक्षकाचं फारसं काही चालत नाही. हस्तांतराची फाइल पुढे सरकणं हीच कांदळवनासाठी सर्वांत मोठी लागवड आहे, असं मी म्हणतो ते या कारणानं.

आकडे काय सांगतात? भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या 2013 च्या अहवालात महाराष्ट्रात 186 चौरस किलोमीटर कांदळवन नोंदलं होतं. 2015 ला ते 222 झालं, 2017 ला 304 आणि 2021 ला 324. कक्षाच्या कामाची पावती म्हणून हे आकडे पुष्कळदा पुढे केले जातात. त्यावर शंका घेणारे विचारतात की ही वाढ खरंच कक्षाची का. शंका रास्त आहे. 2015 ते 2017 या दोन अहवालांतला फरक 82 चौरस किलोमीटर, म्हणजे 8200 हेक्टर. एवढी वाढ कोणतीही रोपवाटिका दोन वर्षांत घडवू शकत नाही. खाड्या गाळाने उथळ होतात तसं तिवर आपणहून पुढे सरकतं. मोजणी बारकाईने झाल्याचाही काही भाग त्यात असू शकतो. पण यातून कक्ष निरुपयोगी ठरत नाही. तिवर आपणहून वाढतं, फक्त त्याची जागा कोणी बुजवता कामा नये. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं, लांब कोंबासकट चिखलात पडतं किंवा भरतीबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे उभं राहतं. ज्या झाडाने स्वतःच्या लागवडीची इतकी चोख व्यवस्था केली आहे, त्याला आपल्याकडून हवी असते ती मोकळी भरती आणि निर्धोक जमीन. श्रीलंकेत 2004 च्या त्सुनामीनंतर मोठ्या उत्साहाने कांदळवन लागवड झाली आणि पुढच्या पाहणीत बहुतांश रोपं मेलेली आढळली. चुकीच्या उंचीवर, चुकीच्या पाण्यात ती लावली गेली होती. रोपं मोजणारा कार्यक्रम असाच फसतो, कारण रोप लावल्याचा फोटो त्याच दिवशी मिळतो आणि ते जगलं की नाही हे पाहायला पाच वर्षांनी कोणी जात नाही.

जमीन राखीव झाली की खाडीवरच्या माणसाला पहिली भीती वाटते ती आता आपल्यालाच बाहेर काढतील ही. कोळंबी, निवट्या, खेकडे, कालवं, शिंपल्या हे सगळं या चिखलातूनच घरी येतं. रक्षक नेमून, तारा ठोकून कांदळवन राखता येईल असं ज्यांना वाटतं त्यांनी किनाऱ्याची लांबी पाहावी; पालघरपासून सिंधुदुर्गपर्यंत प्रत्येक खाडीत माणूस उभा करणं शक्य नाही. 2017 मध्ये सुरू झालेली कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. खेकडापालन, पिंजऱ्यातलं जिताडापालन, कालवांची शेती, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन अशा कामांसाठी गावातल्या गटांना खर्चाचा मोठा वाटा अनुदान म्हणून मिळतो. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका स्वतः होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. त्या खाडीत कोणी डंपर रिकामा केला तर वनरक्षकाच्या आधी त्यांना कळेल आणि त्यांचा रोजगार बुडेल म्हणून त्या बोलतीलही. डिसेंबर 2018 मध्ये आलेली जाळ्यांच्या भरपाईची योजनाही याच विचाराची. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क सापडला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर पुराव्याचे फोटो पाहून 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मत्स्यव्यवसाय विभाग आणि कांदळवन कक्ष ती मिळून चालवतात. फाटलेल्या जाळ्याचा खर्च मच्छीमाराने एकट्याने सोसावा ही अपेक्षाच अन्यायाची होती. प्राणी वाचवायचा समाजाने आणि पैसे भरायचे गरिबाने, हा हिशेब तिथे उलटा झाला.

विकासाच्या बाजूने येणारा आक्षेप जोरदार असतो: रेल्वे, पूल, रस्ते थांबवायचे का? न्यायालयानेही तसं म्हटलेलं नाही. सार्वजनिक हिताच्या कामाला परवानगी घेऊन जाता येतं. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी आधी सुमारे 53,000 कांदळवृक्ष तोडावे लागतील असा अंदाज होता. ठाण्याच्या स्थानकासह आखणीत बदल केल्यावर तो सुमारे 22,000 वर आला आणि डिसेंबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाने तेवढ्यांना परवानगी दिली. अर्ध्याहून अधिक झाडं कागदावरची रेघ हलवल्याने वाचली. परवानगीच्या वाटेवर कोणी प्रश्न विचारणारा नसता, तर ती रेघ हलवण्याची कोणाला गरजच वाटली नसती. तुटलेल्या प्रत्येक झाडामागे पाच लावण्याच्या अटीवर मात्र माझा फारसा विश्वास नाही. जिथे तिवर वाढू शकतं तिथे ते बहुधा आधीच आहे. मग ती पाच झाडं उभी राहण्याजोगी जागा उरते किती?

सर्वांत जड आक्षेप खारेपाटातून येतो, आणि त्याला शहरातल्या निसर्गप्रेमींनी पुरेसं ऐकलेलं नाही. अलिबाग, पेण, उरणकडे पिढ्यान्‌पिढ्या समुद्राला बांध घालून खाजणात भात पिकवला गेला. बांधाला उघाड्या ठेवायच्या, ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला खारं पाणी अडवायचं. एखाद्या उधाणाला बांधाला खांड पडली आणि ती वेळेत बांधली नाही, तर खारं पाणी शेतात शिरतं, पीक जातं, आणि त्या पाण्याबरोबर तिवराचं बी येतं. काही वर्षांत सातबाऱ्यावर भातशेती आणि प्रत्यक्षात कांदळवन अशी स्थिती होते. न्यायालयाचं संरक्षण जमीन कोणाची हे पाहत नाही, त्यामुळे मालकाला स्वतःच्या शेतातलं झाड तोडता येत नाही. त्याची जमीन त्याने विकलेली नाही, कोणी संपादित केलेली नाही, मोबदलाही नाही, तरी ती गेली. या शेतकऱ्याला पर्यावरणाचा शत्रू म्हणणं मला घोर अन्याय वाटतो. बांधाबाहेरचं तिवर लाटांचा मारा अंगावर घेतं आणि बांध टिकवतं, हे त्याच्या आजोबांना कोणत्याही अहवालाशिवाय माहीत होतं. बाहेर तिवर आणि आत भात ही त्यांची घडी होती, आणि ती मोडली बांधांच्या देखभालीतल्या हेळसांडीने. त्या देखभालीसाठी 1979 चा खार जमीन विकास कायदा आहे, पण खारभूमी विकासाची यंत्रणा एका विभागात आणि कांदळवन कक्ष दुसऱ्या विभागात आहे.

इथे कक्षाच्या प्रमुखाने स्वतःच्या हद्दीबाहेर पडून बोललं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. बांध दुरुस्त करणं वनखात्याचं काम नव्हे, हे उत्तर नियमाने बरोबर असलं तरी त्या उत्तराचा राग शेवटी कांदळवनावरच निघतो, रात्री पाणी अडवून किंवा दिवसा डेब्रिज टाकून. खाजगी शेतात वाढलेल्या तिवरासाठी मालकाला मोबदला द्या, नाहीतर त्या जमिनीवर खेकडापालनासारखी योजना प्राधान्याने द्या, अशी मागणी गावाने करण्याआधी कक्षाने मांडली तर तिला वजन येईल. खर्च फार होईल असं कोणी म्हणेल. पण बांधाच्या आतल्या कांदळवनाचा प्रश्न बहुतेक ठिकाणी एका खांडीपासून सुरू होतो. पुढच्या मोठ्या उधाणाआधी ती खांड बुजवली, तर तिवराचं बी शेतात शिरतच नाही आणि त्या शेतकऱ्याला वन कायद्याशी भांडत बसावं लागत नाही.